आईचा ‘ताज’मधला मुक्काम

माझी आई एक्याऐंशी वर्षांची आहे. अलिबागच्या एका शाळेत तिने तीस वर्षे इंग्रजी शिकवले. गेल्या दिवाळीत तिने एक इच्छा बोलून दाखवली : मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात एक रात्र राहायचे, स्वतःच्या निवृत्तिवेतनातून. मी तत्काळ नकार दिला. तिचे हृदय अशक्त आहे. दोन वर्षांपूर्वी परगावच्या एका लग्नाला जाताना, वाटेत वारंवार लघवीला उतरावे लागू नये म्हणून तिने लघवीची गोळी दोन दिवस परस्पर बंद ठेवली होती. तिसऱ्या रात्री धाप लागून तिला रुग्णालयात न्यावे लागले. तेव्हापासून घरात प्रवासाचा विषयच बंद झाला होता.

माझा नकार ऐकून ती शांतपणे म्हणाली, “अरे, हा नकार डॉक्टरांचा की मुलाचा?”

प्रश्न रास्त होता. तिची प्रकृती सहा महिने स्थिर होती, वजन कायम होते, एक जिना ती न थांबता चढत होती. दुसऱ्या कुणाच्या आईला मी परवानगी दिली असती. भीती होती ती मुलाची.

ट्वेनचा खोकला

तिचे खरे आकर्षण होते ते वॉटसन हॉटेलचे. इंग्लंडमध्ये ओतलेले लोखंडी भाग जहाजाने आणून १८६०च्या दशकात काळा घोड्याजवळ ही इमारत उभारली गेली. जानेवारी १८९६ मध्ये मार्क ट्वेन तेथे उतरला. वय साठ, डोक्यावर कर्ज, आणि ते फेडण्यासाठी जगभर व्याख्यानांचा दौरा. सोबत पत्नी आणि मुलगी. मुंबईत येताच खोकल्याने त्याला काही दिवस खोलीतच अडकवून ठेवले. विश्रांती घेऊन मगच तो व्याख्यानाला उभा राहिला. १८९७ च्या ‘फॉलोइंग द इक्वेटर’ या प्रवासवर्णनात त्याने मुंबईच्या कावळ्यांचे मोठे मिस्कील वर्णन केले आहे. आई ते वर्गात रंगवून सांगत असे.

वॉटसनची इमारत आज जर्जर आहे. तेथे मुक्काम शक्य नाही. म्हणून ताज. हे हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले, समोरच्या गेटवे ऑफ इंडियाच्याही आधी. लुई ब्रॉमफील्ड या अमेरिकन लेखकाने १९४० साली आपल्या ‘नाइट इन बॉम्बे’ या कादंबरीत त्याला स्थान दिले.

निघण्यापूर्वी

आम्ही जानेवारी निवडला. पावसाळ्यात मांडवा ते गेटवे ही बोटसेवा बंद असते. लघवीची गोळी बंद करायची नाही, मात्र तिची वेळ बदलायची, असे ठरवले : त्या दिवशी ती सकाळऐवजी खोलीवर पोहोचल्यावर घेतली. असा बदल आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा. औषधे मूळ पाकिटांत, दोन दिवसांची जास्त, आणि चिठ्ठीच्या प्रतीसह हातातल्या पिशवीत ठेवावीत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते हॉटेलच्या फ्रीजमध्ये विसरू नये. खोलीच्या किल्लीजवळ आठवणीची चिठ्ठी ठेवावी.

बोट लागते म्हणून मळमळीची गोळी परस्पर घेऊ नये. अशा काही गोळ्यांमुळे वृद्धांना गुंगी येते, क्वचित भ्रम होतो आणि प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांची लघवी तुंबू शकते. हलका नाश्ता करून बोटीच्या मध्यभागी बसावे, दूर क्षितिजाकडे पाहावे. चढता-उतरताना घाई नको. धक्का आणि बोट यांमधल्या फटीत पाय जाण्याचा धोका असतो. ज्यांना हे जमणार नाही, त्यांच्यासाठी भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा सोयीची. तीत गाडीही नेता येते.

जुन्या वास्तूत

जुनी हॉटेले देखणी असतात. पण गुळगुळीत संगमरवर, जाड गालिचे, उंच पलंग आणि स्नानाचे टब म्हाताऱ्या पायांचे वैरी ठरू शकतात. म्हणून खोली ठरवतानाच फोनवर विचारावे : लिफ्ट जवळ आहे का, टबाविना स्नानगृह मिळेल का, भिंतीला आधाराची दांडी आहे का. जेवणात सूप, लोणचे, पापड यांतले मीठ हृदयरुग्णाला बाधते.

रात्री दोन वाजता आई उठून बसली आणि म्हणाली, “आपण कुठे आहोत?” नव्या जागी वृद्धांना असे होऊ शकते. स्नानगृहाचा दिवा मी लावूनच ठेवला होता. तिचा चष्मा आणि घरची शाल उशाशी होती. मी शाल तिच्या हाती दिली, कुठे आहोत ते सावकाश सांगितले. पलंगाच्या कडेला दोन मिनिटे पाय सोडून बसवले, मग हात धरून उभे केले. झटकन उठल्यास रक्तदाब उतरून तोल जातो. असा भ्रम टिकून राहिला किंवा धाप लागली, तर थांबू नये. १०८ वर फोन करावा.

सकाळी टॅक्सीने आम्ही वॉटसनसमोर गेलो. ती काही बोलली नाही. बराच वेळ वर पाहत राहिली. तारेवर एक कावळा ओरडला, तेव्हा मात्र वर्गात हसत असे तशी हसली.

घरी आल्यावर तिला वजनकाट्यावर उभे केले. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर अंगात पाणी साठते आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे लागते. काटा जाताना होता तिथेच, एक्कावन्नवर होता.

सांभाळणाऱ्या मुला-सुनांना इतकेच सांगतो : नकार देण्यापूर्वी एकदा तपासून घ्या. नकार प्रकृतीचा असेल, तर तो मानावाच लागेल. आपल्या भीतीचा असेल, तर नीट तयारी करून तो दूर करता येतो.