बिडीचा धूर आणि स्त्रीचे हृदय

मे महिन्याच्या उन्हात गोंदिया जिल्ह्यातील देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगाव या वनव्याप्त तालुक्यांत पहाटेपासून तेंदूपत्त्याची तोडणी चालते. पाने खुडणारे, पुडे बांधणारे आणि घरी बसून बिड्या वळणारे हात पुष्कळदा स्त्रियांचेच असतात. बिडीच्या व्यापाराने गोंदियाला एकेकाळी पैसा आणि नाव दोन्ही दिले. त्याच बिडीचा स्त्रीच्या हृदयाशी कोणता संबंध आहे, याची चर्चा मात्र क्वचितच होते.

धूम्रपानाचा हृदयविकार हा पुरुषांचा रोग, ही समजूत अद्याप दृढ आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात १९ टक्के पुरुष आणि अवघ्या २ टक्के स्त्रिया धूम्रपान करताना आढळल्या. त्यामुळे ती समजूत पोसली जाते. परंतु ओढणाऱ्या स्त्रिया थोड्या म्हणून ओढणारीचा धोका थोडा, असे होत नाही. रेचेल हक्सली व मार्क वुडवर्ड यांनी सुमारे २४ लाख व्यक्तींच्या नोंदी एकत्र तपासून २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडला. धूम्रपानामुळे हृदयरोगाचा धोका जितक्या पटींनी वाढतो, ती पट स्त्रियांत पुरुषांपेक्षा २५ टक्क्यांनी अधिक भरते. एकूण झटके पुरुषांनाच अधिक येतात, हे खरे. पण निसर्गाने स्त्रीला रजोनिवृत्तीपर्यंत दिलेले संरक्षण धुरामुळे क्षीण होते. धूम्रपान करणाऱ्या स्त्रीची रजोनिवृत्तीही लवकर येते. त्यात गर्भनिरोधक गोळ्यांची भर पडली, तर रक्तात गुठळी होण्याची भीती आणखी वाढते.

‘आमच्या घरातील स्त्रिया बिडी ओढीत नाहीत’, असे व्यापारी कुटुंबांत समाधानाने सांगितले जाते. ते बहुतांशी खरेही असेल. परंतु दुसऱ्याच्या बिडीचा धूर श्वासात जातोच, आणि खर्रा, गुडाखू, मशेरी यांना धूर नसला तरी तंबाखू असतेच. त्याच सर्वेक्षणात १२.८ टक्के स्त्रिया धूररहित तंबाखू सेवन करताना आढळल्या. ५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ अभ्यासात बिडी आणि चघळण्याची तंबाखू, दोहोंचाही हृदयविकाराच्या झटक्याशी संबंध दिसून आला. बिडी सिगारेटपेक्षा सौम्य, हा समज त्यामुळे टिकत नाही.

आणखी एक अडचण लक्षणांची. छातीत कळ स्त्रियांनाही येते. मात्र त्यांच्यात दम लागणे, मळमळ, जबडा वा पाठ दुखणे, अकारण थकवा ही चिन्हेही वारंवार दिसतात. घरातील बाई ‘पित्त झाले’ म्हणून लिंबूपाणी घेते, सर्वांचे जेवण उरकते, आणि मग रुग्णालयाची आठवण होते. देवरी-सालेकसाच्या एखाद्या आतल्या गावाहून गोंदियाला पोहोचण्यात जाणारा वेळ याच हिशेबात धरावा लागतो.

ज्या घराची किराणा पेढी आहे, तेथे बिडीचे बंडल आणि तंबाखूची पुडी गल्ल्याजवळच असते. सन २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ विकणे आणि शाळा-महाविद्यालयांपासून १०० यार्डांच्या आत त्यांची विक्री करणे निषिद्ध आहे. पेढीवरून त्या वस्तू हटविल्या तर महिन्याच्या उलाढालीत काही तूट येईल, हे नाकारण्यात अर्थ नाही. चातुर्मासात कंदमुळे वर्ज्य करणाऱ्या घरात तोच माल विकावा काय, हा प्रश्न मात्र वहीखात्याबाहेरचा आहे आणि तो बहुधा घरातील स्त्रियाच विचारतात.

व्यसन सोडल्यानंतर साधारण एका वर्षात हृदयरोगाचा वाढीव धोका जवळपास निम्मा होतो. सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे.