कानांनी पाहिलेला आखाडा

खान्देशात क्रीडा प्रसारणाला इतिहासच नाही, असे ठामपणे मांडणारे लेख अधूनमधून वाचायला मिळतात. लिहिणारे बहुधा आकाशवाणीच्या कार्यक्रमपत्रिकेत क्रिकेट शोधतात आणि ते फारसे सापडले नाही की निकाल देऊन मोकळे होतात. मला ही मांडणी मान्य नाही. जळगाव-धुळ्याकडचा माणूस इथे केंद्र येण्याच्या कितीतरी आधीपासून खेळ ऐकत होता, आणि केंद्र आल्यावरही निम्मा खेळ त्याने जत्रेतल्या कर्ण्यावरच ऐकला. हा कर्णा हिशेबात धरला नाही, तर आढावा अर्धाच राहतो.

सुरुवातीची कथा सर्वांना पाठ आहे. १९३४ साली मुंबईत बॉबी तल्यारखान यांनी माइक हाती घेतला आणि पुढे कितीतरी वर्षे दुसऱ्या कुणाला जवळ येऊ दिले नाही. नंतर विझी आले, पिअर्सन सुरिटा आले. हे सारे इंग्रजीत. आमच्याकडे ते मोजक्या घरांतच ऐकले जाई, म्हणून त्यावर इथे जागा घालवत नाही. हिंदीची गोष्ट वेगळी. तापीकाठच्या माणसाला बुऱ्हाणपूर आणि इंदूर कधी परके वाटले नाहीत. सुशील दोशी इंदूरचे, म्हणून त्यांच्या आवाजावर आमच्या लोकांचा जरा जास्तच जीव. १५ मार्च १९७५ रोजी क्वालालंपूरला भारताने पाकिस्तानला २-१ असे हरवून हॉकीचा विश्वचषक जिंकला. अशोककुमारचा तो गोल जसदेव सिंग यांनी सांगितला, तेव्हा पानटपरीवरच्या ट्रान्झिस्टरभोवती जमलेल्यांपैकी किती जणांनी हॉकीचे मैदान पाहिले असेल? तरी चेंडू कुठून कुठे गेला, हे प्रत्येकाला दिसले होते.

मराठीत क्रिकेट सांगताच येणार नाही, असे त्या काळी बोलले जाई. महाराष्ट्राकडून रणजी खेळलेल्या बाळ ज. पंडितांनी ते खोटे ठरवले. वि. वि. करमरकर आणि चंद्रशेखर संत यांचे आवाजही त्याच वाटेवरचे. पंडितांचे ऋण क्रिकेटवाले मानतात, पण ते जत्रेतल्या निवेदकांवरही आहे. आधी क्षेत्ररचना सांगायची, मग चेंडू, मग धावा. हा क्रम आम्ही रेडिओवर ऐकला आणि आखाड्यात नेला.

१९७६ मध्ये जळगाव केंद्र सुरू झाले. ९६३ किलोहर्ट्झची मध्यम लहर धुळ्यापर्यंत आणि पलीकडे बुलढाण्याकडेही पोहोचायची. शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम, युववाणी, अहिराणी गाणी यांनी केंद्राला घराघरात जागा मिळवून दिली. खेळाच्या वाट्याला निकाल, मुलाखती आणि अधूनमधून एखादे भाषण आले. त्या भाषणांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. बहुतेक जण कागदावरचे वाचून दाखवत आणि मैदानाचा आवाज त्यात कुठेच नसे.

तो आवाज आखाड्यात होता. महाराष्ट्र केसरीच्या लढती १९६२ मध्ये धुळ्यात, १९६६ मध्ये जळगावात आणि १९७७ मध्ये चाळीसगावात झाल्या, एवढे सांगितले तरी या मातीत कुस्ती किती मुरली आहे ते कळावे. कुस्ती डोळ्यांनी पाहायची, ती रेडिओवर काय कळणार, असे मला आजवर पुष्कळांनी ऐकवले आहे. त्यांनी जत्रेतल्या दंगलीत सहाव्या रांगेत उभे राहून पाहावे. पुढे फेटे, टोप्या आणि बापाच्या खांद्यावर बसलेली पोरे. तिथून आखाड्यातले काहीच दिसत नाही. सहाव्या रांगेपासून मागचा सगळा गाव कुस्ती ऐकत असतो, आणि त्याला डाव बरोबर कळतात.

ते कळते निवेदकामुळे. जोड नेमली की तो पैलवानाचे नाव सांगतो, मग गाव, तालीम, वस्ताद आणि इनामाची रक्कम. सलामी होते, खडाखडी सुरू होते. इथे कच्चा निवेदक ओरडत सुटतो. जाणता निवेदक आवाज खाली ठेवतो, हलगीला बोलू देतो. कोणाचा हात मानेवर आहे, वजन कोणत्या पायावर आहे, एवढेच सांगत राहतो. पट निघाला की त्याचा आवाज हलगीच्या पुढे धावतो. घिस्सा बसतोय की मोळी बांधली जातेय, हे तो गर्दीच्या आरोळीआधी सांगतो. कोल्हापूरकडे शंकर पुजारी यांनी या निवेदनाला जो मान मिळवून दिला, तो आमच्या निवेदकांनाही मिळायला हवा होता. आमच्यात तर अहिराणीची धार होती. ‘धर त्याले, सोडू नको!’ ही मागच्या रांगेतली हाक निवेदक उचलायचा आणि पुढच्या वाक्यात डाव समजावून द्यायचा. मी स्वतः या कर्ण्यावर उभा राहिलो आहे. सहाव्या रांगेसाठी बोललेले रेडिओवर जसेच्या तसे चालले असते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

खो-खो आणि कबड्डीचेही तेच. एकेरी साखळीतला पळणारा कोणत्या पाटीमागून वळला, हे नेमके सांगणारा माणूस घड्याळातल्या सेकंदांनाही वजन आणतो.

पुढे खासगी एफएम आले आणि दिवसभर गाणी वाजू लागली. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरीने २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी जिंकली. त्या विजयांच्या माझ्या आठवणी फोनवरच्या चित्रफितींच्या आहेत, रेडिओची एकही नाही. याचे मला मनापासून दुःख आहे.

नियम आडवे येतात, हे कारण आता चालणार नाही. एफएमच्या तिसऱ्या टप्प्याच्या २०११ च्या धोरणाने खासगी वाहिन्यांना मोठ्या सामन्यांचे थेट प्रसारण नाकारले, पण स्थानिक स्वरूपाच्या स्पर्धांच्या थेट समालोचनाला वाट मोकळी ठेवली. न्यूयॉर्कला १९८७ पासून चोवीस तास खेळाचा रेडिओ चालतो. तेवढे मी मागत नाही. इंग्लंडात बीबीसीची स्थानिक केंद्रे रिकाम्या गॅलऱ्यांसमोरच्या कौंटी सामन्यांचे चेंडूगणिक समालोचन देतात. आमच्या दंगलीला तर उभे राहायला जागा नसते.

जाहिराती कुठून येणार, असे विचारतात. दर कुस्तीआधी निवेदक इनाम देणाऱ्याचे नाव मोठ्याने वाचतो. बियाण्यांचे दुकानदार, जिनिंगवाले, केळीचे व्यापारी आपले नाव कर्ण्यावर यावे म्हणून वर्षानुवर्षे पैसे मोजत आले आहेत. तेच नाव रावेर-यावलच्या बागांपर्यंत पोहोचत असेल, तर ते नको म्हणतील का?

जुन्या निवेदकांच्या कॅसेट गावोगाव कपाटांत पडून आहेत आणि फीत दरवर्षी खराब होते आहे. त्या आधी गोळा कराव्या लागतील, कारण नव्या मुलांनी शिकायचे ते त्यांच्याकडूनच. चैत्रात यात्रा सुरू होतील. एका वाहिनीने एका दंगलीचा शेवटचा एक तास थेट द्यावा, निवेदक मी मिळवून देतो.