गप्प आहे, म्हणजे दुखत नाही?

मेंदूच्या ऑपरेशननंतर मूल शांत पडून असतं आणि आपण 'हुश्श' म्हणतो. जरा थांबा!

चार वर्षांचा मुलगा. डोक्यातली गाठ काढून नुकताच आयसीयूत आणलाय. आई ऑफिसात रजा टाकून उशाशी बसलीय. काचेतून डोकावणारा मामा म्हणतो, "बघ ताई, किती शांत झोपलाय!" ताईलाही तेच ऐकायचं असतं. पण पोराच्या मुठी आवळलेल्या, कपाळाला आठ्या, पाय पोटाशी घेतलेले. याला शांत झोप म्हणायचं?

नवल म्हणजे मेंदूला स्वतःला वेदना कळतच नाहीत. दुखतं ते डोक्याची कातडी, स्नायू आणि मेंदूवरचं आवरण. ऑपरेशन डोक्याच्या मागच्या बाजूला असेल तर मानेचे स्नायूही कापावे लागतात, आणि दुखणं वाढतं. मुलांच्या बऱ्याच गाठी नेमक्या याच भागात असतात. त्या काढल्यावर काही मुलांची वाचा काही दिवस किंवा आठवडे बंद होते. म्हणजे दुखतंय खूप, आणि सांगता येत नाही!

डॉक्टर हात का आखडतात?

मॉर्फिनने गुंगी येते. मग मूल सुस्त झालं ते औषधाने की आत रक्तस्राव झाल्याने, हे ओळखणं कठीण. श्वास मंदावला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि कवटीतला दाबही. भीती खोटी नाही. म्हणून वर्षानुवर्षं 'सौम्य' कोडीन दिलं गेलं. पण शरीरात त्याचंच मॉर्फिन होतं. काही मुलांत झपाट्याने, काहींत जवळपास नाहीच. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने १२ वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये असं बजावलं.

मग उपाय? मिश्र उपचार. ऑपरेशनच्या वेळीच कातडीच्या नसांभोवती बधिरतेचं इंजेक्शन, नंतर वजनानुसार आणि घड्याळ लावून पॅरासिटामॉल, आणि गरज पडली तर मॉनिटरवर नजर ठेवून मोजकं मॉर्फिन.

न बोलणाऱ्याचं दुखणं मोजायचं कसं?

१९९७ मध्ये मिशिगन विद्यापीठातून 'फ्लॅक' नावाची मोजपट्टी आली. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं, अशा पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण. बेरीज दहापैकी. मूल थोडं मोठं आणि बोलतं असेल, तर हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांच्या तक्त्यावर ते स्वतःच बोट ठेवतं.

एवढं कराच

* "सिस्टर, आत्ता स्कोअर किती?" असं बिनधास्त विचारा.
* मूल नेहमीपेक्षा वेगळं वागतंय असं वाटलं तर सांगा. त्याला तुमच्याइतकं कोण ओळखतं?
* घरी गेल्यावर औषध ठरल्या वेळी द्या. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने देऊ नका.
* डोकेदुखी वाढतेय, उलट्या, ताप, झटके, जखमेतून पाणी, किंवा मूल नीट जागं होत नाही? थेट हॉस्पिटल गाठा.

त्या ताईने सिस्टरला हाक मारली. स्कोअर निघाला सहा. डॉक्टरांनी तपासलं, डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या, मग औषध दिलं. थोड्या वेळाने पोराची मूठ उघडली आणि त्याने आईचं बोट धरलं. आता तो खरंच झोपला होता.