राउटरचं रेडिएशन आणि दुपारचं ऊन

‘दादा, उशाशी राउटर ठेवून झोपलं तर चालतं का? रेडिएशन असतं ना?’ तुमच्या मेसेजमध्ये हे सारखं येतं. असतंच की! वायफाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हन, दोघांच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास. म्हणून तर ओव्हन चालू असताना कधीकधी व्हिडिओ अडकतो. पण ओव्हन साधारण ८०० वॅटचा, तोही धातूच्या बंद डब्यात. राउटरची लहर एक वॅटपेक्षाही कमी. शिवाय या लहरी फार तर गरम करतात, डीएनएला थेट धक्का लावायची त्यांची कुवत नाही. त्यासाठी फ्रिक्वेन्सी साधारण चार लाख पट जास्त हवी. ती असते अल्ट्राव्हायोलेटमध्ये, म्हणजे दुपारच्या उन्हात! माझी आई रात्री राउटर आठवणीने बंद करते आणि एप्रिलच्या भर दुपारी, डोक्यावर काही न घेता, गच्चीवर कुरडया वाळत घालते. मी टोपी आणून दिलीय. राउटर करू दे बंद, तेवढीच वीज वाचते.