शेवटचे चार आकडे (लेखांक ६)

मागच्या लेखांकात पासवर्ड कसे फोडले जातात ते पाहिलं. आजच्या प्रकरणात पासवर्ड कुणी फोडलाच नाही. फोन केले, गोड बोलले, काम झालं.

३ ऑगस्ट २०१२ची संध्याकाळ. अमेरिकेतल्या ‘वायर्ड’चा पत्रकार मॅट होनान याचा आयफोन एकाएकी बंद पडला आणि नव्या कोऱ्या फोनसारखा सुरू झाला. लॅपटॉप लावला, तर तो चार आकडी पिन मागू लागला. असा पिन त्याने कधी ठेवलाच नव्हता. बघता बघता फोन, आयपॅड आणि लॅपटॉप पुसले गेले, जीमेलचं खातं उडालं, ट्विटर परक्यांच्या हाती गेलं. मुलीच्या पहिल्या वर्षाचे फोटो त्या लॅपटॉपवर होते आणि त्यांची दुसरी प्रत नव्हती. चोरांना खरं तर हवं होतं फक्त त्याचं सुटसुटीत ट्विटर-नाव.

त्याच्या घरचा पत्ता त्यांना त्याच्याच वेबसाइटच्या नोंदणीत उघडाच सापडला. मग अॅमेझॉनला फोन : माझ्या खात्यात एक नवं कार्ड जोडा. नाव, ईमेल, पत्ता सांगितला की कार्ड जोडलं जाई. थोड्या वेळाने दुसरा फोन : खातं उघडत नाहीये, नवा ईमेल जोडा. ओळख पटवायला मघाशी स्वतःच जोडलेल्या कार्डाचा नंबर! खात्यात शिरल्यावर होनानच्या खऱ्या कार्डाचे शेवटचे चार आकडे दिसले. अॅमेझॉनच्या लेखी ते आकडे इतके किरकोळ की झाकलेलेही नव्हते. अॅपलला मात्र तेच चार आकडे आणि पत्ता ओळखीला पुरेसे वाटले. सुरक्षेच्या प्रश्नांची उत्तरं देता आली नाहीत, तरी फोनवरूनच त्याच्या अॅपल-खात्याचा तात्पुरता पासवर्ड मिळाला आणि तिथून जीमेल, ट्विटरपर्यंतची वाट मोकळी झाली. सोशल इंजिनिअरिंग म्हणतात ते हेच. फोन घेणाऱ्याला एकट्याला दोषी धरणं मला पटत नाही. अडलेल्या ग्राहकाला मदत करणं हे त्याचं कामच. या प्रकरणानंतर दोन्ही कंपन्यांनी फोनवरचे हे मार्ग बंद केले.

आपल्याकडे हीच युक्ती उलट्या दिशेने चालते. कंपनीऐवजी आपल्यालाच फोन येतो आणि पलीकडचा माणूस आपलं नाव, पत्ता, आधारचे शेवटचे आकडे घडाघडा सांगतो. एवढं ठाऊक आहे म्हणजे बँकेचाच माणूस, असं वाटतं आणि आपण ओटीपी सांगून बसतो. ही माहिती अनेकदा आपणच वाटलेली असते. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. प्रिंटसाठी ती फाइल आपण झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअॅपवर टाकतो आणि ती तिथेच राहते. चालत असेल तिथे पहिले आठ आकडे झाकलेलं ‘मास्क्ड आधार’ द्यावं. ते यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर मिळतं. असा फोन आलाच तर काहीही न सांगता तो ठेवावा आणि बँकेच्या कार्डामागे छापलेल्या नंबरवर स्वतः फोन करावा. पैसे गेलेच असतील, तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या तक्रारींचा १९३० हा नंबर लावावा. रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच सर्वाधिक असते.

होनानने जीमेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावली नव्हती. ती कशी लावायची, ते पुढच्या आठवड्यात.