रेडिओ कंट्रोल शर्यत, भाग ६ : डिस्चार्जर घेताना वॅट बघा

मागच्या आठवड्यात चार्जर निवडताना त्याच्या माहितीपत्रकातला एक आकडा मुद्दाम बाजूला ठेवला होता. खोक्यावर मोठ्या अक्षरांत चार्जिंगची ताकद छापलेली असते. डिस्चार्जची ताकद आत, तक्त्याच्या तळाशी, बारीक टायपात असते. नवख्या खेळाडूंच्या हाती हमखास दिसणारा आयमॅक्स बी६ घ्या. चार्जिंग ५० वॅट, डिस्चार्ज ५ वॅट. दोन्हींत दहापटींचा फरक आहे, आणि डिस्चार्जरची सगळी निवड या फरकाभोवतीच फिरते.

हिशेब करून बघू. दहाव्या मापाच्या गाडीत आज सर्रास दोन सेलचा लिपो पॅक असतो, समजा ६००० मिलिअँपिअर-तासांचा. पूर्ण भरल्यावर तो ८.४ व्होल्ट दाखवतो. न वापरता ठेवायचा असेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास, म्हणजे पॅक ७.६ वर आणायचा असतो. त्यासाठी साधारण निम्मा, ३ अँपिअर-तासांचा चार्ज बाहेर काढावा लागतो. सरासरी ८ व्होल्ट धरले तर ही ऊर्जा २४ वॅट-तास होते. ५ वॅटच्या चार्जरला त्यासाठी जवळजवळ पाच तास लागतील. २५ वॅटचा चार्जर तासाभरात काम उरकेल, १५० वॅटचं यंत्र दहा मिनिटांत. पावसाने फायनल रद्द झाली आणि तुमच्या पेटीत असे चार भरलेले पॅक उरले, तर ५ वॅटच्या चार्जरवर पुढचे वीस तास जातील. इतका वेळ कोणी थांबत नाही. पॅक भरलेलेच कपाटात जातात, आठवडाभराने एखादा फुगलेला निघतो, आणि दोष बॅटरीच्या कंपनीला दिला जातो. भरलेल्या अवस्थेत, विशेषतः उन्हाळ्यात, सेलच्या आतलं इलेक्ट्रोलाइट हळूहळू विघटित होऊन वायू तयार होतो. फुगवटा त्याचाच असतो.

डिस्चार्ज करायची सवय या खेळात आली ती मात्र वेगळ्याच कारणाने, आणि ते कारण समजून घेतल्याशिवाय आजचं यंत्र नीट निवडता येत नाही. लिपोच्या आधी, अमेरिका, युरोप आणि जपानमधल्या शर्यतींत सहा सेलचा ७.२ व्होल्टचा पॅक चालायचा. आधी निकेल-कॅडमियम, मग निकेल-मेटल हायड्राइड. सान्योचे १७०० मिलिअँपिअर-तासांचे सेल त्या काळात खेळाडूंच्या तोंडी असायचे. निकेल-कॅडमियमला अर्धवट रिकामं करून पुन्हा भरण्याची सवय लागली की त्याची धाव कमी होते असा अनुभव होता. म्हणून प्रत्येक फेरीनंतर पॅक पूर्ण उतरवायचा, सेलमागे ०.९ व्होल्टपर्यंत, आणि मगच पुन्हा भरायचा. अमेरिकेत यासाठी मोटारीच्या मागच्या दिव्याचा ११५७ क्रमांकाचा बल्ब वापरात होता. तो स्वस्त होता आणि कुठेही मिळायचा. ७.२ व्होल्टवर त्याची मोठी तार दीड अँपिअरच्या आसपास घेते.

बल्बमधली अडचण सेलच्या रांगेत आहे. सहाही सेल सारखे कधीच नसतात. पाच सेल १.१ व्होल्टवर असताना सहावा उणे ०.१ वर गेलेला असू शकतो. बेरीज येते ५.४. म्हणजे सेलमागे ०.९ च्या हिशेबाने मीटर अगदी बरोबर आकडा दाखवतो, आणि त्याच क्षणी एका सेलमधून उलटा प्रवाह जात असतो. आतला दाब वाढतो, झडप उघडते, सेल कायमचा दुबळा होतो. यावर तोडगा म्हणून डिस्चार्ज ट्रे आले. त्यांत प्रत्येक सेलला स्वतंत्र वाट असते, आणि ज्याचे ०.९ झाले तो आपला आपण थांबतो. निकेलच्या जुन्या पॅकवर आजही कोणी धावत असेल, तर त्याने असाच ट्रे घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं कारण मोजमापाचं. चार मिनिटांच्या शर्यतीत १.७ अँपिअर-तास संपवायचे म्हणजे सरासरी २५ अँपिअरचा ओढा. अर्धा अँपिअरवर केलेली चाचणी अशा सेलबद्दल काहीच सांगत नाही. त्यामुळे सेल जुळवून विकणारे २०, पुढे ३०-३५ अँपिअरवर प्रत्येक सेल उतरवायचे आणि त्यावर चिठ्ठी डकवायचे. किती सेकंद टिकला, सरासरी व्होल्ट किती, अंतर्गत रोध किती, हे त्या चिठ्ठीवर असायचं. कॉम्पिटिशन इलेक्ट्रॉनिक्स या अमेरिकी कंपनीचा टर्बो ३५ हा चार्जर गाजला तो याच जमान्यात.

लिपो आल्यावर यातलं पहिलं कारण संपलं. लिपोला अर्धवट वापराची कसलीच सवय लागत नाही. त्याला तळापर्यंत नेणं घातक आहे. ३ व्होल्टच्या खाली गेलेला सेल परत भरला तरी पूर्वीसारखा राहत नाही. एवढं असूनही 'फेरीनंतर पॅक रिकामा करून ठेवावा' हा जुना सल्ला ट्रॅकवर अजून ऐकू येतो. तो ऐकू नका. त्याहून वाईट म्हणजे त्या काळातली जुनी यंत्रं. सेकंडहँड बाजारात ती मोहात पाडतील अशा किमतीला मिळतात, पण सहा सेलसाठी ५.४ व्होल्टला थांबणारं यंत्र दोन सेलच्या लिपोला सेलमागे २.७ वर नेऊन सोडतं. ज्या यंत्रात लिपोचा वेगळा पर्याय नाही, किंवा थांबण्याचे व्होल्ट स्वतः ठरवता येत नाहीत, ते फुकट मिळालं तरी लिपोला लावू नये.

आता उरतात दोन कामं. साठवणुकीसाठी पॅक खाली आणणं आणि पॅकची तब्येत मोजणं. दोन्हींची यंत्रं वेगळी असू शकतात.

साठवणुकीसाठी बल्ब आजही चालतो. मोटारीचा एच४ बल्ब, १२ व्होल्ट ६०/५५ वॅटचा, कुठल्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळेल. ८ व्होल्टवर त्याची ५५ वॅटची तार पावणेचार अँपिअरच्या आसपास घेते, म्हणजे सुमारे ३० वॅट. दोन्ही तारा एकत्र जोडल्या तर साधारण दुप्पट. आपले २४ वॅट-तास अर्ध्या तासाच्या आत निघून जातात. बल्बला बटण नाही, पडदा नाही, बिघडायला काही नाही. पण त्याला थांबणंही ठाऊक नाही. तो मंद होत जातो आणि पॅक मरेपर्यंत पेटत राहतो. त्यामुळे नुसता बल्ब कधीही लावायचा नाही. बॅलन्स लीडवर प्रत्येक सेल वेगळा मोजणारं आणि ठरलेल्या व्होल्टला प्रवाह तोडणारं छोटं सर्किट मध्ये हवंच. नुसता बजर लावला तर तो वाजेल तेव्हा तुम्ही त्याच खोलीत असायला हवं. पॅकचे एकूण व्होल्ट बघून तोडणारं सर्किट नको, कारण इथेही तीच बेरजेची गफलत होते. ६.६ व्होल्ट म्हणजे ३.३ आणि ३.३ असू शकतात, किंवा ३.६ आणि ३.० सुद्धा.

बाराव्या मापाच्या गाड्या एका सेलवर, ३.७ व्होल्टवर धावतात. तिथे १२ व्होल्टचा बल्ब जेमतेम ९ वॅट घेईल. काही तयार डिस्चार्जर इतक्या कमी व्होल्टवर सुरूच होत नाहीत. एका सेलचे पॅक वापरणाऱ्यांनी किमान व्होल्टचा आकडा आधी वाचावा.

मोजमापासाठी बल्ब निरुपयोगी. व्होल्ट उतरतील तसा त्याचा प्रवाहही उतरतो, मग दोन पॅकची तुलना करायची कशी? त्यासाठी प्रवाह स्थिर ठेवणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र लागतं. २० अँपिअरवर ५००० चा निरोगी पॅक पाव तासाच्या आसपास टिकेल. २० अँपिअर गुणिले ७.४ व्होल्ट म्हणजे १४८ वॅट, म्हणून चाचणीचं यंत्र किमान १५० वॅटचं हवं. स्कायआरसीचा बीडी२५० हा २५० वॅट, ३५ अँपिअरचा डिस्चार्जर या वर्गात येतो. असे आकडे वाचताना एक ध्यानात ठेवा. दोन्ही कमाल मर्यादा प्रत्येक पॅकवर एकाच वेळी मिळत नाहीत. आठव्या मापाच्या बग्गीचा चार सेलचा, १४.८ व्होल्टचा पॅक लावला की २५० वॅटमध्ये १७ अँपिअरच्या आत राहावं लागतं. अँपिअरच्या आकड्याला भुलून यंत्र घेणाऱ्यांची निराशा होते ती इथे.

चाचणीत मी सगळ्यात जास्त किंमत देतो ती अंतर्गत रोधाला. विनाभार पॅक ७.९ दाखवतो, २० अँपिअरचा भार लागताच ७.७ वर येतो. ०.२ भागिले २०, म्हणजे १० मिलिओहम. महिन्याला एकदा, त्याच तापमानाला, त्याच चार्जवर हा आकडा वहीत लिहून ठेवा. थंड पॅकचा रोध जास्त येतो, त्यामुळे जानेवारीतला आकडा मे महिन्यातल्या आकड्याशी ताडून बघू नका. व्होल्ट बॅलन्स लीडवरून मोजले तर मुख्य कनेक्टर आणि तारांमधली घट त्यात मिसळत नाही. टामियाचा जुना पांढरा प्लग २० अँपिअरला तापतो. चाचणीसाठी ४ किंवा ५ मिलिमीटरचे बुलेट आणि १२-१४ गेजची सिलिकॉन तारच बरी.

बाहेर काढलेली ऊर्जा जाते कुठे, हे यंत्र ठेवताना महत्त्वाचं. १५० वॅट म्हणजे सोल्डरिंगच्या लहान इस्त्रीच्या कितीतरी पट उष्णता, सलग. पंख्याची हवा पॅकवर येणार नाही अशी मांडणी करा, यंत्र फरशीवर ठेवा, आणि शेजारी बसा. आयचार्जरच्या काही मॉडेलना ही ऊर्जा इनपुटला जोडलेल्या १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीत परत घालता येते. मैदानावर बॅटरीवरूनच चार्जिंग करणाऱ्यांना ही सोय फार उपयोगी आहे. भिंतीच्या प्लगवर चालणाऱ्या पॉवर सप्लायवर ती मिळत नाही.

बल्बचं आणखी एक काम आहे, आणि तिथे कट-ऑफ नको असतो. थकलेला पण फाटलेला-चेपलेला नसलेला पॅक निकाली काढण्याआधी मोकळ्या जागी, लहान बल्बवर सावकाश शून्यापर्यंत न्यायचा. मिठाच्या पाण्यात बुडवण्याचा उपाय करू नका. टोकं गंजून वाट बंद होते आणि चार्ज आतच राहू शकतो. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. पॅक घंटागाडीत टाकू नका, ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.

माझी शिफारस अशी. दोन-तीन पॅक असणाऱ्याने वेगळा डिस्चार्जर घेऊ नये. पुढचा चार्जर घेताना किमान २५ वॅट डिस्चार्जचा बघावा, नाहीतर एच४ बल्ब आणि सेलवार कट-ऑफ जोडून घ्यावा. चारपेक्षा जास्त पॅक घेऊन फिरणाऱ्याने आणि पॅक निवडून शर्यतीला लावणाऱ्याने २०० वॅटच्या पुढचं यंत्र घ्यावं. तो खर्च एक-दोन पॅक वाचले की वसूल होतो.

पुढच्या भागात बॅलन्स लीड आणि कनेक्टर. तोवर घरातल्या सगळ्या दोन सेलच्या पॅकचे व्होल्ट मोजा, आणि या आठवड्यात शर्यत नसेल तर जे ८ च्या वर सापडतील ते आज रात्रीच ७.६ वर आणा.