परभाषेचा भूतकाळ आणि आपली मराठी

शिक्षक बंधुभगिनींनो, फ्रेंच-जर्मन शिकणारे मूल भूतकाळापाशी का अडते? ते इंग्रजीच्या वाटेने जाते म्हणून. इंग्रजीत 'खाल्ले आहे' असो की 'गेलो आहे', जोडीला 'हॅव' एकच. जर्मनमध्ये मात्र 'इश हाबे गेगेसन' म्हणजे मी खाल्ले. पण 'इश बिन गेगांगन' म्हणजे मी गेलो. सहायक क्रियापदच बदलले!

यात नवल ते काय? आपणही 'त्याने खाल्ले' म्हणतो, पण 'तो गेला'. फ्रेंचही अशीच फोड करते. शिवाय 'ती गेली' लिहिताना स्त्रीलिंगाचे एक अक्षर वाढते, उच्चार तोच.

जुळणी सगळीकडे होत नाही. 'हसला' तिकडे 'खाल्ले'च्या रांगेत बसतो. अशी क्रियापदे वेगळी पाठ करवून घ्या. पण ही दुहेरी तऱ्हा मुलाच्या तोंडी आधीच आहे, हे त्याला सांगा. निम्मी भीती तिथेच जाईल.